हस्तनिर्मित वस्तूंचा सीमापार प्रवास : कोल्हापुरी चपलेच्या अनुषंगाने एक विवेचन

प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी परदेशी स्थायिक झालेल्या एका आप्तांना कोल्हापुरी चपलांचा जोड पाठविण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर आला. अशा पार्सलासोबत सीमाशुल्क घोषणापत्र भरावे लागते व त्यात वस्तूच्या वर्णनाचा एक रकाना असतो. त्या रकान्यात मोठ्या अभिमानाने ‘हाताने बनविलेली कोल्हापूरची भेटवस्तू’ असे लिहिले. तीन आठवड्यांनी पार्सल जसेच्या तसे परत आले. ‘वर्णन अपुरे’ असा शेरा त्यावर होता. खिडकीमागील कर्मचाऱ्याने समजुतीच्या सुरात सांगितले, ‘‘वस्तू कशाची आहे ते लिहा, कोणी केली ते नको.’’

दोष अर्थातच लेखकाचा होता. परंतु त्या कर्मचाऱ्याच्या वाक्यात हस्तनिर्मित वस्तूंच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे मर्म आले होते, हे पुढे या विषयाचा अभ्यास करताना वारंवार जाणवत गेले. हस्तकलेच्या निर्यातीविषयी आपल्याकडे जे लेखन होते त्यात वारसा, कलात्मकता आणि परकीय चलन यांचा ऊहापोह पुष्कळ असतो. वस्तू प्रत्यक्षात सीमा कशी ओलांडते, तिच्याबरोबर कोणते कागद जातात, तिची कोणती परीक्षा होते आणि या प्रवासात तिच्या कर्त्याचे काय होते, याविषयी मात्र फारसे लिहिले जात नाही. प्रस्तुत लेखात कोल्हापुरी चपलेचे उदाहरण घेऊन हा प्रवास उलगडण्याचा प्रयत्न केला आहे. सीमेवरील व्यवस्था वस्तूतील द्रव्य, आकार व किंमत पाहते, त्यामागील हात पाहत नाही. आणि म्हणून जो कागद लिहितो तोच व्यापाराच्या नोंदीत उरतो, हे या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

वस्तूचे स्वरूप

कोल्हापुरी चप्पल ही केवळ कोल्हापूर शहराची निर्मिती नव्हे. २०१९ मध्ये तिला जे भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी मिळून आहे. मानांकनाचे नोंदणीकृत स्वामित्व महाराष्ट्रातील संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ, म्हणजेच लिडकॉम, आणि कर्नाटकातील लिडकर या दोन शासकीय महामंडळांकडे संयुक्तपणे आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात या व्यवसायाला मिळालेला राजाश्रय सर्वश्रुत आहे. कापशी, पुकरी, बक्कलनाली, कुरुंदवाडी ही चपलेची प्रकारनामे या परिसरात आजही रूढ आहेत, तर ग्रामीण बोलीत तिला सरसकट पायताण म्हणतात.

या वस्तूचा प्रारंभ चपलेच्या दुकानात होत नाही, तो कातडे कमावण्याच्या जागी होतो. परंपरागत पद्धतीत कातडे चुन्याच्या निवळीत भिजवून त्यावरील केस काढले जातात व नंतर बाभळीची साल आणि हिरडा यांच्या अर्कात ते कमावले जाते. कातडे पिशवीसारखे शिवून, त्यात हा अर्क भरून ते टांगून ठेवण्याची रीतही या भागात होती. हे काम काही आठवडे चालते व प्रामुख्याने ढोर समाजाकडे होते. पुढचे काम चर्मकार कारागिरांचे. तळासाठी म्हशीचे जाड कातडे, वरच्या भागासाठी तुलनेने मऊ कातडे. रापीने कातडे कापावयाचे, ठोकून घट्ट करावयाचे, आरीने भोके पाडून कातड्याच्याच वादीने शिवावयाचे. अस्सल जुन्या पद्धतीच्या जोडात खिळा नसतो. दोन्ही बाजूंचे कान, अंगठा, पट्टा व त्यावरील वेणी ही तिची ठळक अंगे होत. वेणी गुंफण्याचे काम पुष्कळदा घरातील स्त्रिया करतात. कोल्हापुरातील सुभाषनगर, जवाहरनगर या भागांत हे काम घरोघरी विभागून चालते. एका जोडाला चार-पाच जणांचे हात लागलेले असतात आणि त्यांपैकी एकाचेही नाव जोडावर नसते.

वर्गीकरण : सीमेवर वस्तूला मिळणारे नाव

वस्तू देशाबाहेर निघाली की तिला प्रथम एक क्रमांक घ्यावा लागतो. जागतिक सीमाशुल्क संघटनेची सुसंवादी वर्गीकरण पद्धती १ जानेवारी १९८८ पासून अमलात आहे. त्यात जगातील यच्चयावत मालाची पाच हजारांहून अधिक गटांत विभागणी केलेली असून प्रत्येक गटाला सहा अंकी संकेतांक आहे. प्रत्येक देश त्यापुढे आपले अंक जोडतो. कर किती, परवाना लागतो की नाही, सवलत मिळते की नाही, हे सर्व या अंकांवरून ठरते.

पादत्राणांचे प्रकरण चौसष्टावे आहे. त्यातील ६४०३.२० या उपशीर्षाचे वर्णन वाचून प्रस्तुत लेखक क्षणभर थबकला. कातडी तळ असलेली आणि पायाच्या वरच्या भागावरून व अंगठ्याभोवती जाणारे कातडी पट्टे असलेली पादत्राणे, असा त्याचा आशय आहे. आपल्या चपलेचे इतके नेमके शब्दचित्र एखाद्या मराठी ग्रामीण कादंबरीतही क्वचितच सापडेल. भारताच्या सीमाशुल्क अनुसूचीत याच उपशीर्षाखाली कोल्हापुरी चपला व तत्सम पादत्राणे अशी नोंदही आहे.

परंतु हे वर्णन आकाराचे व द्रव्याचे आहे. कारखान्यात यंत्राने कापलेली, चिकटविलेली आणि साच्याने वेणीचा ठसा उठविलेली चप्पल त्याच क्रमांकाखाली जाते. ‘तत्सम’ हा शब्द तर तिच्यासाठी दार सताड उघडे ठेवतो. त्यामुळे निर्यातीच्या आकडेवारीवरून कोल्हापुरी चपलेची परदेशी विक्री वाढली किंवा घटली असे कोणी सांगितले, तर त्यावरून हाताने शिवणाऱ्या कारागिराच्या उत्पन्नाविषयी काहीही निष्पन्न होत नाही. आपल्याकडील अनेक लघुशोधप्रबंधांत ही गल्लत आढळते.

या वर्गीकरणाला हाताचे वावडे आहे असे मात्र नव्हे. हाताने विणलेले किलीमसारखे गालिचे, हाताने विणलेली चित्रजवनिका, पूर्णतः हाताने काढलेली चित्रे यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. ज्या वस्तूंना पाश्चात्त्य बाजारात दीर्घकाळ प्रतिष्ठा होती त्यांच्या बाबतीत हात मोजला गेला. पायात घालावयाच्या वस्तूच्या बाबतीत तो मोजावा असे कोणाला वाटले नाही. ही त्रुटी जाणवली नव्हती असेही नाही. ऑक्टोबर १९९७ मध्ये मनिला येथे युनेस्को व आंतरराष्ट्रीय व्यापार केंद्र यांनी हस्तकला आणि सीमाशुल्क संकेतांकन याच विषयावर परिसंवाद घेतला. पूर्णतः हाताने किंवा हत्यारांच्या, प्रसंगी यंत्राच्याही साहाय्याने केलेली, परंतु जिच्यात कारागिराच्या प्रत्यक्ष हस्तश्रमाचा वाटा सर्वांत मोठा आहे अशी वस्तू म्हणजे हस्तनिर्मित वस्तू, अशा आशयाची व्याख्या तेथे स्वीकारली गेली. व्याख्या आजही सर्वत्र उद्धृत होते. चौसष्टाव्या प्रकरणात मात्र तिचा मागमूस नाही.

वर्गीकरणाचा आणखी एक पेच व्यवहारात महत्त्वाचा ठरतो. परदेशी ग्राहकाला गुळगुळीत फरशीवर घसरणारा कातडी तळ नको असतो, म्हणून खरेदीदार तळाला रबर लावून मागतात. या प्रकरणाच्या टिपेनुसार बाह्य तळाचे द्रव्य कोणते हे ठरविताना जमिनीला सर्वाधिक क्षेत्र ज्याचे टेकते ते द्रव्य धरले जाते. अर्थात रबराचा पातळ थर पूर्ण तळाला चिकटविला की कागदोपत्री ती कातडी तळाची चप्पल राहत नाही, ती ६४०३.२० मधून बाहेर पडून दुसऱ्या उपशीर्षात जाते व शुल्काचा दर बदलू शकतो. टाचेला केवळ छोटासा रबरी तुकडा लावला तर तसे होत नाही. ही बाब ठाऊक नसल्याने चुकीचा संकेतांक लिहिला गेला तर माल परदेशी बंदरात अडकतो, त्याचे दिवसागणिक भाडे चढते, आणि तो भुर्दंड शेवटी पुढच्या मागणीच्या दरातून कारागिराकडून वसूल होतो.

द्रव्याची परीक्षा

युरोपीय संघाने १ मे २०१५ पासून त्वचेशी संपर्क येणाऱ्या चर्मवस्तूंत षट्संयुजी क्रोमियमचे प्रमाण प्रतिकिलो ३ मिलिग्रॅमपेक्षा कमी असले पाहिजे असा नियम लागू केला. हे द्रव्य त्वचेला अपायकारक आहे, त्यामुळे नियमाच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. हे क्रोमियम येते कोठून, हे पाहिले पाहिजे. आजच्या चर्मोद्योगात बहुतेक कातडे त्रिसंयुजी क्रोमियमच्या क्षारांनी कमावले जाते. उष्णता, प्रकाश, अल्कधर्मी द्रव्ये अशा कारणांनी त्याचा काही अंश षट्संयुजी रूपात जाऊ शकतो. बाभूळ आणि हिरडा यांनी कमावलेल्या कातड्यात क्रोमियमचा वापरच नसतो. म्हणजे परंपरागत कोल्हापुरी चप्पल ही या दोषापासून स्वभावतःच दूर आहे.

तरीही परीक्षेचा खर्च तिला चुकत नाही, कारण खरेदीदाराला प्रयोगशाळेचा दाखला हवा असतो. येथे प्रमाणाचे गणित कारागिराच्या विरोधात जाते. केवळ उदाहरणादाखल, एका नमुन्याच्या सर्व चाचण्यांस दहा हजार रुपये लागतात असे धरू. पाच हजार जोडांच्या कारखानी मागणीत हा खर्च जोडामागे दोन रुपये पडतो. चाळीस जोडांच्या मागणीत अडीचशे रुपये पडतो. शिवाय कारखान्यात एका घाण्यातून निघालेले कातडे सारखे असते. हातकामात एका कुंडातील कातडे दुसऱ्या कुंडासारखे असेलच असे नाही, म्हणून एका जोडाचा दाखला दुसऱ्या जोडाला लागू पडतो असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. ज्या प्रक्रियेतून दोष उद्भवतो तिला परीक्षा स्वस्त पडते आणि जिच्यातून तो उद्भवत नाही तिला महाग पडते, असा हा विपर्यास आहे. अर्थात, वरच्या पट्ट्यासाठी बाहेरून क्रोमने कमावलेले मऊ कातडे आणून ‘पारंपरिक’ म्हणून खपविण्याचे प्रकारही होतात, हे येथे नमूद केले पाहिजे. अशा वेळी चाचणीची मागणी रास्तच ठरते.

रंगांच्या बाबतीतही असेच आहे. काही ॲझो रंगांपासून कर्करोगकारक द्रव्ये सुटतात, म्हणून भारताने १९९७ मध्येच अशा रंगांच्या हाताळणीवर बंदी घातली. युरोपातही त्यांवर निर्बंध आहेत. जुन्या कोल्हापुरी चपलेचा तपकिरी रंग कमावण्यातून व तेलातूनच येतो. लाल, निळ्या, सोनेरी छटा बाजारातील मागणीपोटी आल्या आणि त्यांच्याबरोबर रंगाच्या डब्यावरील न वाचता येणारी माहितीही आली.

सर्वांत बिकट शत्रू मात्र बुरशी हा होय. वनस्पतिजन्य अर्कात कमावलेले कातडे ओल धरते. आषाढ-श्रावणात शिवलेला माल न्हावाशेवा बंदरातून कंटेनरमध्ये भरला, तर बंद पेटीतील दमटपणाने पोहोचेपर्यंत त्यावर पांढरी बुरशी चढलेली असते. तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली तेव्हा हा प्रवास आणखी दहा-पंधरा दिवसांनी लांबला. यावर बुरशीनाशक पुड्या हा सोपा उपाय वाटतो. परंतु डायमिथाइल फ्युमरेट या बुरशीनाशकाच्या पुड्या घातलेल्या सोफ्यांमुळे व पादत्राणांमुळे युरोपात लोकांची त्वचा भाजल्यासारखी झाल्याच्या तक्रारी आल्या आणि २००९ मध्ये तेथे त्यावर बंदी आली. म्हणून आर्द्रता शोषणारी सिलिका, पुरेसे वाळवणे आणि पावसाळ्यात समुद्रमार्गे माल न पाठविणे हेच मार्ग उरतात. जाणते कारागीर पावसाळ्यात कमी काम करतात. परदेशी मागणीपत्राला मात्र ऋतू नसतो.

सीमा द्रव्यच पाहते याचे दुसरे एक उदाहरण शेजारच्या मिरजेचे आहे. मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हे वाद्य मुख्यतः तूनीच्या लाकडाचे व भोपळ्याचे. परंतु खुंट्या शिसवीच्या असतील तर प्रश्न निर्माण होत असे. दुर्मीळ वन्य जातींच्या व्यापारासंबंधीच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराने २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या संपूर्ण कुळाला निर्बंधांच्या सूचीत घातले. सप्तसुरांसाठी घडविलेले वाद्य चार खुंट्यांपायी वनखात्याचा विषय झाले. वादक व वाद्यनिर्माते यांच्या तक्रारींनंतर २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट देण्यात आली. नियम बदलू शकतात, परंतु त्यासाठी कोणीतरी संघटितपणे बोलावे लागते, असा या घटनेचा अर्थ प्रस्तुत लेखक घेतो.

मार्ग आणि पेटी

लहान निर्यातदारासमोर टपाल, कुरिअर व मालवाहू जहाज असे मार्ग असतात. आयात-निर्यात संकेतांक मिळविणे आज कठीण नाही. पाचशे रुपये शुल्क भरून तो घरबसल्या मिळतो. २०२२ पासून टपाल खात्याने डाकघर निर्यात केंद्रे सुरू केली, त्यामुळे तालुक्याच्या गावाहूनही निर्यातीचे टपाल-बिल भरता येऊ लागले. ही सोय स्वागतार्ह आहे. अडचण दुसरीकडे आहे. विमानाने जाणाऱ्या पार्सलाचे भाडे वजन किंवा आकारमान यांपैकी जे अधिक त्यावर आकारले जाते. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकाराला ५००० ने भागावयाचे, हे कुरिअर व्यवसायातील प्रचलित सूत्र होय. ३५ × २५ × १२ सेंटिमीटरच्या खोक्यातील जोड प्रत्यक्षात किलोभराचाही नसेल, परंतु भाडे २.१ किलोचे पडते. कान दुमडू नयेत म्हणून खोके मोठे घ्यावे लागते आणि मोठ्या खोक्यात पैसे हवेचे द्यावे लागतात.

या लहान मार्गाची भिस्त दुसऱ्या देशाच्या मर्जीवर किती असते, हे २०२५ मध्ये दिसून आले. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून टाकली. शुल्क कोणी व कसे गोळा करावयाचे हेच स्पष्ट नसल्याने भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून तिकडील बहुतांश टपाल थांबविले व १५ ऑक्टोबरला ते पुन्हा सुरू केले. त्याच ऑगस्टमध्ये भारतीय मालावर एकूण ५० टक्के अतिरिक्त शुल्क लागू झाले होते. हे दर पुढे कसेही बदलोत. दिवाळीपूर्वीचे ते सात आठवडे ज्यांच्या वर्षभराच्या परदेशी विक्रीचे होते, त्यांना ते परत मिळण्यासारखे नव्हते. मोठा निर्यातदार अशा वेळी कंटेनर दुसऱ्या देशाकडे वळवितो. न्यू जर्सीतील मराठी कुटुंबाने गणपतीसाठी मागविलेला एक जोड कोणाकडे वळविणार?

अशा कुटुंबांकडे चपला पुष्कळदा प्रवासी सामानातून जातात, हा भाग वेगळा. तो व्यापार कोणत्याही नोंदीत नाही, पण त्याला परीक्षा नाही, वर्गीकरण नाही आणि बुरशीही नाही.

मोल, जोखीम आणि मध्यस्थ

आंतरराष्ट्रीय विक्रीत किंमत सांगताना ती कोठपर्यंतची हे सांगणे अनिवार्य असते. ‘एक्सवर्क्स’ म्हणजे माल विक्रेत्याच्या दारात. तेथून पुढची सर्व जबाबदारी घेणाऱ्याची. ‘एफओबी’ म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च व जोखीम विक्रेत्याची. ‘सीआयएफ’मध्ये विमा व भाडेही विक्रेता भरतो. ‘डीडीपी’ म्हणजे परदेशातील शुल्कासह ग्राहकाच्या दारापर्यंत सारे विक्रेत्याच्या माथी. या संज्ञांचा संबंध केवळ वाहतुकीशी नाही, शुल्काशीही आहे. अमेरिकेत शुल्क साधारणतः एफओबी मूल्यावर, तर युरोपीय संघात भाडे व विमा धरून येणाऱ्या मूल्यावर आकारले जाते. म्हणजे युरोपात पाठविताना भाड्यावरही कर पडतो.

आपल्या कारागिराचा व्यवहार जवळजवळ नेहमीच ‘एक्सवर्क्स’ असतो, जरी हा शब्द त्याने ऐकलेला नसतो. व्यापारी दारात येतो, जोड मोजून घेतो, रोख देतो. मध्यस्थ कारागिराची पिळवणूक करतो असे सरसकट विधान आपल्याकडील लेखनात आढळते. ते पूर्णांशाने खोटे नाही, पण अपुरे आहे. व्यापारी जे विकत घेतो त्यात चपलेइतकीच जोखीमही असते. निर्यातीचे पैसे भारतात आणण्यासाठी रिझर्व्ह बँकेने दिलेली मुदत नऊ महिन्यांची होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती पंधरा महिन्यांची करण्यात आली. निर्यातदाराला हा दिलासा आहे. ज्याने कातडे उधारीवर आणले आहे आणि ज्याच्या घरची चूल आठवड्याच्या हिशेबावर चालते, त्याला पंधरा महिने म्हणजे काय याची कल्पना करून पाहावी. त्यात परदेशातून येणाऱ्या लहान रकमेवरील बँकेचे आकार, मापाच्या तक्रारी आणि परतीचा माल यांची भर पडते.

मापाचा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. युरोपीय मापात एका क्रमांकाचा फरक दोनतृतीयांश सेंटिमीटर, तर इंग्रजी मापात एकतृतीयांश इंच असतो. हाताने ठोकलेल्या, वापराने पायाच्या आकारात बसणाऱ्या चपलेत एवढा फरक दोन जोडांमध्येच नव्हे, तर कधी एकाच जोडाच्या डाव्या-उजव्यातही सापडतो. घरोघरी विकणाऱ्याला हे चालते, कारण पाय समोर असतो. युरोपीय संघातील ग्राहकाला दूरस्थ खरेदी चौदा दिवसांत कारण न सांगता परत करण्याचा हक्क आहे. परत आलेला माल भारतात शुल्काविना आणावयाचा तर तो आपणच पाठविलेला माल होय, हे सीमाशुल्क अधिकाऱ्याला पटवावे लागते. यंत्रावरील वस्तूला क्रमांक असतो. या जोडावर कोणतीही खूण नसते. ज्या कारागिराने तो शिवला त्याला वेणीवरून तो क्षणात ओळखता येईल, पण त्याची साक्ष घेण्याची तरतूद कोठेही नाही.

नावाचे रक्षण

जून २०२५ मध्ये मिलान येथील पुरुषांच्या वेशभूषा प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरी चपलेशी उघड साम्य असलेली पादत्राणे सादर केली, तेव्हा तिच्या मुळाचा उल्लेख केला नव्हता. महाराष्ट्रात संताप व्यक्त झाला, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिले, कंपनीने भारतीय हस्तकलेपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले व जुलैमध्ये तिचे प्रतिनिधी कोल्हापुरात येऊन गेले. मुंबई उच्च न्यायालयात दाखल झालेली जनहित याचिका त्याच महिन्यात फेटाळली गेली. डिसेंबर २०२५ मध्ये लिडकॉम, लिडकर व कंपनी यांच्यात करार झाला. महाराष्ट्र व कर्नाटकातील कारागिरांकडून दोन हजार जोड करवून घेऊन ते जगभरातील दुकानांत सुमारे ८०० युरोंस विकण्याचे त्यावेळी जाहीर करण्यात आले. भारतीय चलनात ही किंमत ऐंशी हजार रुपयांहून अधिक होते.

या प्रकरणात अनेकांनी ‘मानांकन असूनही चोरी कशी झाली’ असा प्रश्न विचारला. त्याचे उत्तर कायद्याच्या स्वरूपात आहे. भारतातील भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा असून तो २००३ पासून अमलात आला. त्याची सत्ता भारताच्या सीमेपर्यंतच चालते. शिवाय मानांकन हे नावाचे रक्षण करते, आकाराचे नव्हे. मिलानमधील चपलेवर ‘कोल्हापुरी’ हे नाव नव्हते, म्हणजे नावाचा गैरवापर कायद्याच्या अर्थाने झालाच नव्हता. उलट नाव लिहिले असते तर उल्लंघनाचा मुद्दा उभा राहू शकला असता. आपण संतापलो ते नाव न घेतल्याबद्दल, आणि कायदा रोखतो ते नाव घेण्याला. प्रस्तुत लेखकाच्या मते या विसंगतीची चर्चा त्या काळातील गदारोळात व्हावी तेवढी झाली नाही.

युरोपात पूर्वी संघाच्या पातळीवर असे मानांकन प्रामुख्याने अन्नपदार्थ व मद्ये यांपुरते होते. १ डिसेंबर २०२५ पासून तेथे हस्तकला व औद्योगिक वस्तूंसाठीही स्वतंत्र नियमावली लागू झाली असून संघाबाहेरील उत्पादकांनाही नोंदणीसाठी अर्ज करता येतो. त्यासाठी वस्तूचे तपशीलवार विनिर्देश, भूप्रदेशाशी असलेला संबंध आणि त्यावर देखरेख ठेवणारी यंत्रणा दाखवावी लागते. चिकटविलेला तळ चालेल का, क्रोमने कमावलेला पट्टा चालेल का, वेणी यंत्राची असेल तर काय, या प्रश्नांची उत्तरे कोल्हापूर व अथणी येथील कारागिरांनी प्रथम आपसांत ठरविल्याशिवाय असा विनिर्देश लिहिता येणार नाही. कारण त्यांच्यातीलच अनेक जण आज मागणीनुसार हे सर्व करतात, आणि तसे करण्यावाचून त्यांना गत्यंतरही नसते.

दस्तऐवजातील रकाने

निर्यातीचा मूळ दस्तऐवज म्हणजे शिपिंग बिल. १५ फेब्रुवारी २०२० पासून त्यात मालाचे उत्पत्तिराज्य व जिल्हा नोंदविणे बंधनकारक झाले. त्यापूर्वी मुंबईच्या व्यापाऱ्याने पाठविलेली चप्पल सर्वार्थाने मुंबईची होती. आता निदान तिचा जिल्हा कागदावर येतो. याच्याही पुढची एक तरतूद परकीय व्यापार धोरणात आधीपासून आहे आणि तिच्याकडे कारागिरांच्या संस्थांचे दुर्लक्ष झालेले दिसते. एकाने बनविलेला माल दुसऱ्याने निर्यात केल्यास, म्हणजेच त्रयस्थ निर्यातीत, शिपिंग बिलावर निर्यातदाराबरोबर उत्पादकाचेही नाव आले पाहिजे, असे हे धोरण सांगते. व्यापारी दारात येऊन रोखीने माल नेतो तेव्हा मात्र ती खरेदी ठरते, उत्पादक नावाचे कोणी उरत नाही आणि रकाना भरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

सुभाषनगरातील दहा घरांनी मिळून एक सहकारी संस्था केली, तिच्या नावाने बिल फाडले आणि व्यापाऱ्याला त्रयस्थ निर्यातदार म्हणून माल दिला, तर त्या संस्थेचे नाव सीमेवरील कागदात जाऊ शकते. रोख रक्कम तशीच हाती येऊ शकते, जोखीमही व्यापाऱ्याकडेच राहू शकते. यासाठी नवा कायदा लागत नाही. हिशेबाची वही लागते. कातडे कोणत्या कुंडातील, कोणत्या तारखेचे, तळ कोणी शिवला, वेणी कोणी घातली, हे जोडाच्या क्रमांकापुढे लिहिलेले असावे लागते. हीच वही प्रयोगशाळेच्या दाखल्याला आधार देते, परत आलेला जोड ओळखून देते आणि उद्या युरोपात मानांकनाचा अर्ज करावयाचा झाल्यास देखरेखीचा पुरावा ठरते. लिडकॉमने २०२५ मध्ये चपलांवर क्यूआर संकेत देण्यास आरंभ केला आहे. त्या संकेतामागील माहितीही अखेर अशाच वहीतून यावी लागेल. प्रस्तुत लेखकाने पाहिलेल्या एका कामाच्या जागी अशी वही आहे. ती त्या घरातील सून ठेवते. त्यात कातड्याच्या उधारीच्या नोंदी आहेत, तळ शिवणाऱ्यांची नावे आहेत, तारखाही आहेत. वेणीचा रकाना मात्र कोरा आहे. विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘‘वेणी तर मीच घालते, ते काय लिहायचं?’’